सतार लावली, बँजो वाजला: एका सॉफ्टवेअर सिंथवर अनेक वाद्यांसाठी मिडी चॅनल लावण्याची रीत

पाच ट्रॅक केले, पाचांना नावं दिली, प्ले दाबलं आणि पाचही ट्रॅक पियानोतच वाजले. मग इथला चॅनल बदल, तिथला बदल, असं अर्धा तास चालतं. शेवटी बासरीची ओळ बेसमध्ये वाजायला लागते आणि आपण नेमकं कुठे काय बदललं हे काही केल्या आठवत नाही. एका सिंथमधून अनेक वाद्यं काढायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण या फेऱ्यात एकदा तरी सापडतो.

याचं कारण साधं आहे. मिडी म्हणजे कुठली नोट कधी वाजवायची हे सांगणारे संदेश, आणि सिंथ म्हणजे ते संदेश ऐकून आवाज काढणारं सॉफ्टवेअर. सिंथला तुमचे ट्रॅक दिसतच नाहीत. ट्रॅकचं नाव, रंग, क्रम यांतलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला दिसतो तो प्रत्येक संदेशात असलेला चॅनलचा आकडा. हा आकडा तीन ठिकाणी ठरतो किंवा बदलतो: कीबोर्डमध्ये, सीक्वेन्सरमध्ये (म्हणजे ट्रॅक रेकॉर्ड करायच्या आणि वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि सिंथमध्ये. तिन्हीकडे एकाच वेळी हात घातला की गुंता झालाच म्हणून समजा.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एका नियमावर उभ्या आहेत. कीबोर्ड कायम चॅनल १ वर सोडायचा. सिंथमधली जागावाटणी एकदाच करून तिला पुन्हा हात लावायचा नाही. चॅनल बदलायची वेळ आलीच, तर तो फक्त सीक्वेन्सरच्या ट्रॅकवर बदलायचा.

१. आधी सिंथ तपासा

सगळे सॉफ्टवेअर सिंथ एका वेळी अनेक वाद्यं वाजवू शकत नाहीत. पुष्कळ सिंथ एका वेळी एकच आवाज देतात आणि कुठल्याही चॅनलवरून आलेली नोट त्याच आवाजात वाजवतात. अशा सिंथवर चॅनलचे कितीही प्रयोग केलेत तरी निकाल तोच येणार.

ओळखायची खूण म्हणजे सिंथच्या खिडकीत चॅनलांची किंवा भागांची यादी असते आणि प्रत्येकासमोर वेगळं वाद्य निवडता येतं. साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचे नमुने भरलेली फाइल, वाजवणारा फ्लुइडसिंथ आणि त्याची खिडकी असलेला क्यूसिंथ या प्रकारातले. कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्येही (रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही) एकाखाली एक वाद्यं चढवून प्रत्येकाला चॅनल देता येतो. अशी यादी कुठेच सापडली नाही, तर प्रत्येक वाद्यासाठी सिंथची वेगळी प्रत उघडा आणि हा लेख इथेच मिटा.

२. जागावाटणी कागदावर लिहा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. एका मिडी पोर्टवर १६ चॅनल मिळतात, त्याहून एकही जास्त नाही. कुठल्या चॅनलवर कोण बसणार हे संगणकाला हात लावण्याआधी ठरवा. नमुना असा:

चॅनल १: ग्रँड पियानो, प्रोग्रॅम १
चॅनल २: बोटांनी वाजवलेला बेस, प्रोग्रॅम ३४
चॅनल ३: व्हायोलिनचा ताफा, प्रोग्रॅम ४९
चॅनल ४: बासरी, प्रोग्रॅम ७४
चॅनल ५: सतार, प्रोग्रॅम १०५
चॅनल १०: ड्रम

हे प्रोग्रॅम क्रमांक, म्हणजे वाद्यांचे क्रमांक, जनरल मिडी या सर्वमान्य पद्धतीतल्या १२८ वाद्यांच्या यादीतले आहेत. साउंडफाँट त्या यादीप्रमाणे बनवलेला असेल तरच ते लागू पडतात. एकाच वाद्याचा साउंडफाँट असेल तर त्याच्या आतली यादी उघडून बँक (वाद्यांचा गट) आणि प्रोग्रॅम तिथूनच उतरवून घ्या.

चॅनल १० ड्रमसाठीच मोकळा ठेवा. नऊपर्यंत वाद्यं झाली की दहावं वाद्य सवयीने दहावर टाकलं जातं आणि तिथे सुरांऐवजी खुळखुळे वाजतात. दहावं वाद्य अकरावर गेलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट याच कागदावर ठरवा. सुराला ओढ देणारा पिच बेंड नोटेला लागत नाही, पूर्ण चॅनलला लागतो. सतारीची मींड आणि तिच्याखालचे स्थिर सूर एकाच चॅनलवर ठेवले तर मींडेबरोबर सगळंच घसरतं. अशा वेळी एकाच वाद्याला दोन चॅनल द्या, एक मींडेचा आणि एक साथीचा.

३. सिंथमध्ये वाद्यं बसवा

सिंथ सुरू करा आणि साउंडफाँट चढवा. या क्षणी १० सोडून सगळ्या चॅनलांवर बहुधा पियानोच असतो. सुरुवातीला वर्णन केलेल्या पाच पियानोंचं मूळ इथे आहे. ट्रॅक वेगळे केले तरी चॅनलना वाद्यं कुणी नेमून दिलीच नाहीत.

आता कागदावरच्या क्रमाने एकेका चॅनलवर वाद्य नेमा. हे करताना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे मोजणी एकपासून आहे की शून्यापासून. मिडीच्या आत चॅनल ० ते १५ आणि प्रोग्रॅम ० ते १२७ असे असतात. काही सॉफ्टवेअर हे आकडे जसेच्या तसे दाखवतात, तर काही एक मिळवून १ ते १६ आणि १ ते १२८ असे दाखवतात. छापील यादीत सतार १०५ वर आहे. शून्यापासून मोजणाऱ्या सिंथला तुम्ही १०५ सांगितलंत, तर तो यादीतलं १०६वं वाद्य काढतो आणि ते असतं बँजो. बासरीच्या ७४ चंही तसंच होतं. तिथे रेकॉर्डर वाजतो आणि त्याचा आवाज बासरीला इतका जवळचा असतो की चूक महिनोन्महिने कळतही नाही.

त्यात चॅनल आणि प्रोग्रॅम यांची मोजणी एकाच पद्धतीची असेल याचीही खात्री नसते. फ्लुइडसिंथच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत दोन्ही शून्यापासून मोजतात, म्हणजे तिथे ड्रमचा चॅनल ९ असतो. सीक्वेन्सरमध्ये मात्र तोच चॅनल १० म्हणून दिसतो. म्हणून तुमच्या सिंथची आणि सीक्वेन्सरची मोजणी कुठून सुरू होते हे त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

*तपासणी:* मोजणी ओळखायला बँजोचा सापळा उपयोगी पडतो. कुठल्याही चॅनलवर प्रोग्रॅम १०५ निवडा. सतार वाजली तर मोजणी एकपासून, बँजो वाजला तर शून्यापासून.

सॅम्पलर वापरत असाल तर प्रत्येक वाद्याचा चॅनल 'ओम्नी'वर नाही ना, हे पाहा. ओम्नी म्हणजे सगळ्या चॅनलांचं ऐकणारा. ओम्नीवर राहिलेलं एखादं वाद्य प्रत्येक ट्रॅकबरोबर वाजत राहतं आणि आपण दोष मात्र सीक्वेन्सरला देत बसतो.

४. पोर्ट जोडा, पण एकदाच

सिंथ प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) म्हणून सीक्वेन्सरच्या आतच उघडला असेल तर ही पायरी सोडा. तो स्वतंत्र सॉफ्टवेअर म्हणून चालू असेल तर दोघांमध्ये आभासी मिडी तार लागते. मॅकवर त्यासाठी आयएसी ड्रायव्हर आधीपासून असतो, फक्त तो चालू करावा लागतो. विंडोजवर लूपमिडीसारखं एखादं साधन घातलेलं बरं. लिनक्सवर अल्सा या ध्वनिव्यवस्थेच्या सीक्वेन्सर पोर्टांनी काम भागतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे दुहेरी जोडणी. कीबोर्ड थेट सिंथलाही जोडलेला असतो आणि सीक्वेन्सरमधूनही त्याची नोट सिंथपर्यंत जाते. मग प्रत्येक नोट दोनदा वाजते. ती दोनदा ऐकू येत नाही, हीच खरी गोम आहे. दोन्ही नोटांमध्ये इतकं कमी अंतर असतं की आवाज नुसता पोकळ आणि पत्र्यासारखा लागतो. मी एकदा पूर्ण संध्याकाळ साउंडफाँट बदलत बसलो होतो. पियानो सुधारला तो एक तार काढल्यावर.

कीबोर्डला स्वतःचे आवाज आणि स्पीकर असतील तर त्याच्या सेटिंगमधलं 'लोकल' बंद करा. नाहीतर त्याच्या पोटातला पियानो सिंथमधल्या बासरीबरोबर वाजत राहील.

*तपासणी:* एकच पट्टी दाबा आणि सिंथमध्ये एका वेळी वाजणाऱ्या आवाजांचा आकडा दिसत असेल तर तो पाहा. नंतर सीक्वेन्सर बंद करून पुन्हा दाबा. आता आवाज यायला नको. आला, तर थेट तार कुठेतरी शिल्लक आहे.

५. सीक्वेन्सरमध्ये ट्रॅक मांडा

सिंथ एकदाच उघडायचा, त्याच्या स्वतःच्या ट्रॅकवर. बाकीचे ट्रॅक फक्त मिडीचे. त्यांच्यावर काहीही चढवायचं नाही, त्यांनी आपल्या नोटा ठरलेल्या चॅनलवरून सिंथच्या ट्रॅककडे पाठवायच्या. हे नीट न कळल्यामुळे लोक प्रत्येक ट्रॅकवर तोच सिंथ पुन्हा उघडतात. गाणं वाजतं खरं, पण मोठा साउंडफाँट प्रत्येक प्रतीत नव्याने चढून मेमरी खाऊ शकतो आणि एका सिंथवर अनेक वाद्यं बसवण्याचा हेतूच निघून जातो.

अडखळायला होतं ते पुढच्या गोष्टीत. नोटेवर नोंदलेला चॅनल आणि ट्रॅकने बाहेर पाठवताना लावलेला चॅनल या दोन वेगळ्या बाबी आहेत. कीबोर्ड चॅनल १ वर असल्यामुळे रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक नोटेवर १ चा शिक्का असतो. ट्रॅकचं बाहेर जाणं 'सगळे' किंवा 'जसा आला तसा' यावर असेल तर तो शिक्का तसाच पुढे जातो आणि पाचही ट्रॅक पियानोत वाजतात. ट्रॅकवर ठरावीक चॅनल निवडला की जुना शिक्का पुसून नवा बसतो. आपल्याला दुसरा प्रकार हवा आहे.

ही सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या जागी असते. रीपरमध्ये मिडी ट्रॅकवरून सिंथच्या ट्रॅकला सेंड (पाठवणारी जोडणी) द्यायचा, त्यातला ऑडिओ बंद करायचा आणि मिडीच्या खान्यात 'सगळे' कडून हवा तो चॅनल निवडायचा. एबलटन लाइव्हमध्ये क्लिपमधल्या नोटांना चॅनल नसतोच. तिथे ट्रॅकच्या 'मिडी टू' मध्ये सिंथचा ट्रॅक आणि त्याखालच्या यादीत प्लगइनचा चॅनल निवडावा लागतो. खालची यादी 'ट्रॅक इन' वरच राहू दिली तर चॅनलांची वाटणी होतच नाही. क्यूबेसमध्ये मिडी ट्रॅकच्या इन्स्पेक्टरमध्ये चॅनलचा खाना आहे आणि तो 'एनी' वर ठेवायचा नाही.

*सावधान:* कीबोर्डवरची चॅनल बदलायची बटणं या कामासाठी वापरू नका. पेडल किंवा पट्टी दाबलेली असताना कीबोर्डचा चॅनल बदलला, तर नोट सुरू झाल्याचा संदेश जुन्या चॅनलवर गेलेला असतो आणि ती सोडल्याचा संदेश नव्या चॅनलवर जाऊ शकतो. जुन्या चॅनलला नोट सुटल्याचं कळतच नाही आणि ती अखंड वाजत राहते. अशी नोट अडकलीच तर सीक्वेन्सरमधलं 'पॅनिक' बटण दाबा. ते सगळ्या चॅनलांवर कंट्रोलर १२३ किंवा १२० पाठवून आवाज बंद करतं. कंट्रोलर म्हणजे नोट सोडून बाकीच्या सूचना देणारे क्रमांकाचे संदेश.

रेकॉर्डिंगसाठी एका वेळी एकच ट्रॅक सज्ज ठेवा. दोन ट्रॅक सज्ज राहिले तर एका बोटाने दोन वाद्यं वाजतात. कधी मुद्दाम तसं हवं असतं, पण बहुतेक वेळा आधीच्या ट्रॅकचं बटण बंद करायचं राहून गेलेलं असतं.

६. वाद्यांची निवड प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवा

सिंथच्या खिडकीत हाताने निवडलेली वाद्यं त्याच सिंथमध्ये राहतात. तो स्वतंत्र सॉफ्टवेअर असेल तर उद्या प्रोजेक्ट उघडल्यावर सगळीकडे पुन्हा पियानो सापडण्याची शक्यता बरीच. म्हणून प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला हे संदेश याच क्रमाने लिहा:

१) कंट्रोलर ०: बँकेचा वरचा आकडा
२) कंट्रोलर ३२: बँकेचा खालचा आकडा
३) प्रोग्रॅम चेंज
४) कंट्रोलर ७: आवाजाची पातळी
५) कंट्रोलर १०: डावी-उजवी जागा, मध्य म्हणजे ६४

क्रम उलटा करून चालत नाही. बँक सांगितल्याने वाद्य बदलत नाही, पुढचा प्रोग्रॅम चेंज कुठल्या बँकेतून उचलायचा एवढंच त्याने ठरतं. प्रोग्रॅम आधी आणि बँक नंतर लिहिली तर जुन्या बँकेतलं वाद्य येतं. पाचही संदेश एकाच क्षणावर ठेवले तर काही सीक्वेन्सर त्यांचा क्रम राखत नाहीत, म्हणून प्रत्येकात चार-पाच टिकचं (टिक म्हणजे सीक्वेन्सरचं वेळेचं सगळ्यात लहान माप) अंतर ठेवा आणि पहिली नोट दुसऱ्या मात्रेत येऊ द्या. पहिली मात्रा रिकामी ठेवायला जिवावर येतं, पण पुढे तिचा फायदाच होतो.

बँकेचा अर्थ प्रत्येक सिंथ सारखा लावत नाही. फ्लुइडसिंथ मुळात जीएस पद्धतीवर (जनरल मिडीच्या रोलँड कंपनीने केलेल्या विस्तारावर) असतो. त्या पद्धतीत बँक कंट्रोलर ० वरूनच ठरते आणि ३२ कडे दुर्लक्ष होतं. दुसऱ्या सिंथसाठी बनवलेल्या फाइलमध्ये बँक फक्त ३२ वर लिहिलेली असेल तर ती इथे बदलणारच नाही. अशा वेळी सिंथच्या सेटिंगमध्ये बँक निवडीची पद्धत बदलून पाहा.

गाण्याच्या सुरुवातीला जनरल मिडीचा रीसेट पाठवायचा असेल (दशमान आकड्यांत २४०, १२६, १२७, ९, १, २४७), तर तो या सगळ्याच्या आधी आणि एकदाच. तो मधे कुठेतरी आला की आधी लावलेली वाद्यं जाऊन पुन्हा पियानो बसतो.

*तपासणी:* गाणं मधूनच सुरू करा. वाद्यं बरोबर लागली नाहीत तर सीक्वेन्सरमधली 'चेस' सोय चालू करा. ती मागे लिहिलेले प्रोग्रॅम आणि कंट्रोलर शोधून आधी पाठवते आणि मग वाजवायला सुरुवात करते.

७. ड्रमचा चॅनल

चॅनल १० वर नोटेचा अर्थ सूर नसतो, प्रत्येक पट्टी एक वेगळं वाद्य असते. ३६ वर बेस ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट, ४६ वर उघडी, ४९ वर क्रॅश. पट्ट्यांच्या इंग्रजी नावांवर विसंबू नका. नोट ६० ला काही सॉफ्टवेअर सी ३ म्हणतात, काही सी ४. आकडा पाहिला की वाद राहत नाही.

यातून एक चूक हमखास होते. गायकाला पट्टी चढी वाटते म्हणून पूर्ण गाणं निवडून दोन अर्धसूर खाली आणलं जातं आणि ड्रमही त्यात सापडतात. स्नेअरच्या जागी बेस ड्रम वाजायला लागतो. पट्टी बदलताना चॅनल १० चा ट्रॅक निवडीतून वगळा.

या चॅनलवरचा प्रोग्रॅम चेंज वाद्य न बदलता ड्रमचा अख्खा संच बदलतो. जीएस पद्धतीच्या साउंडफाँटमध्ये १ वर साधा संच असतो, ३३ वर जॅझचा आणि ४१ वर ब्रशचा. इथेही मोजणीचा घोळ लागू आहेच.

८. पातळ्या आणि आवाजांची मर्यादा

कंट्रोलर ७ आणि ११ दोन्ही आवाज कमी-जास्त करतात, म्हणून लोक ते कसेही वापरतात. ७ ने वाद्यांचा समतोल एकदा लावायचा आणि सोडून द्यायचा. वाजवताना येणारे चढउतार ११ वर लिहायचे. दोन्ही कामं ७ वर केली तर नंतर व्हायोलिन थोडं हळू करायचं म्हटलं की सगळे चढउतार पुन्हा आखावे लागतात.

७ वर ६४ लिहिलं म्हणजे आवाज निम्मा झाला, असं समजू नका. साउंडफाँट सिंथमध्ये ६४ वर पातळी सुमारे १२ डेसिबलने उतरते. जवळजवळ सगळ्या वाद्यांचा समतोल ७० ते ११० च्या दरम्यानच सापडतो.

एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या सगळ्या चॅनलांमध्ये वाटली जाते. स्टिरिओ नमुन्यांमुळे एक नोटही दोन किंवा जास्त आवाज खाते. दाट जागी पियानोच्या नोटा मधेच तुटत असतील तर ही मर्यादा वाढवा. फ्लुइडसिंथमध्ये ती मुळात २५६ असते. त्याआधी सस्टेन पेडल कुठे दाबलेलं राहिलंय का ते पाहा, कारण बहुतेक वेळा दोषी तेच निघतं.

९. शेवटची चाचणी

एकेक ट्रॅक एकटा वाजवून कागदाशी ताडून पाहा. मग सगळं जतन करा, सीक्वेन्सर आणि सिंथ दोन्ही बंद करा, पुन्हा उघडा आणि काहीही न बदलता प्ले दाबा. ही चाचणी केल्याशिवाय मांडणी झाली असं समजू नका.

अजूनही काही चुकत असेल तर लक्षणावरून दोष असा शोधा:

सगळे ट्रॅक एकाच वाद्यात वाजतात: ट्रॅकचा चॅनल 'सगळे' वर आहे, किंवा सिंथ एकाच आवाजाचा आहे.

वाद्य शेजारचंच येतं: मोजणी शून्याची आणि एकाची.

दोन वाद्यं एकदम वाजतात: ओम्नी, किंवा दोन ट्रॅक सज्ज आहेत.

एकच ट्रॅक गप्प आहे: त्या चॅनलवर कंट्रोलर ७ किंवा ११ शून्यावर राहिलाय, किंवा निवडलेल्या बँकेत ते वाद्यच नाही.

आवाज पोकळ आहे: दुहेरी तार.

गाणं मिडी फाइल म्हणून कुणाला द्यायचं असेल तर नोटांवरचा मूळ शिक्काही बदलून घ्या. सगळे ट्रॅक एकात मिसळणाऱ्या प्रकार ० च्या फाइलमध्ये वाद्यं वेगळी ओळखायला चॅनल हीच एक खूण उरते. सगळ्या नोटांवर १ असेल तर समोरच्याकडे पूर्ण गाणं पुन्हा पियानोत वाजेल. बऱ्याच सीक्वेन्सरमध्ये फाइल काढण्याआधी ट्रॅकचा चॅनल नोटांवर कायम करण्याची आज्ञा असते, ती द्या आणि तयार झालेली फाइल रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडून ऐका.

१६ चॅनल अपुरे पडले तर सिंथची दुसरी प्रत उघडा आणि तिला दुसरा पोर्ट द्या. तिच्यावर १ ते १६ पुन्हा मिळतात, आणि त्यांच्यासाठी कागदही दुसरा घ्यायचा.